ड्रायसूट: निओप्रीन की ट्रायलॅमिनेट?

स्कूबा डायव्हिंग करताना पाणी १० अंशांच्या खाली गेलं की बहुतेकांना वेटसूट, म्हणजे आत थोडं पाणी शिरू देणारा सूट, पुरत नाही. मग अंग कोरडं ठेवणारा ड्रायसूट आला, पण कुठला?

निओप्रीन या फेसाळ रबरात वायूचे बारीक बुडबुडे असतात, म्हणून हा सूट स्वतःच ऊब देतो आणि अंगाला छान बसतो. पण ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट होतो, बुडबुडे आक्रसतात आणि ऊब हवी तिथेच ती घटते. तरंगण्याची ताकदही कमी होते, म्हणजे तरंगणं सांभाळणाऱ्या जॅकेटमध्ये हवा कमी-जास्त करण्याची खटपट वाढली.

ट्रायलॅमिनेट म्हणजे दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर. त्याची स्वतःची ऊब जवळपास शून्य. सगळी भिस्त आतल्या कपड्यांवर. मला हीच त्याची खरी सोय वाटते: पाणी जसं, तसा आतला थर जाड किंवा पातळ करायचा. शिवाय सूट हलका, लवकर वाळतो, भोक सापडलं की ठिगळही सहज लागतं. सतत खोल जाणाऱ्यानं हाच घ्यावा. मात्र आत पाणी शिरलं तर तो फारसा वाचवत नाही. निओप्रीन तेव्हाही थोडंफार सांभाळून घेतो. ट्रायलॅमिनेट ताणतही नाही, त्यामुळे पाठीवरच्या टाकीच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचतो का, हे आतले जाड कपडे घालूनच तपासा.