बोट गेली, वर 12,549 रुपयेही गेले

दुरुस्तीला दिलेली रिमोटची बोट माझी, बुडालेले पैसे माझे, आणि पोलिस चौकीत "खेळणंच ना ताई?" हे ऐकून घ्यायचं तेही मीच!

'जुन्या वस्तू नव्यासारख्या करून देतो' म्हणणाऱ्यांची पद्धत इथे नव्याने सांगत बसत नाही. आधी थोडा ॲडव्हान्स, मग 'अजून एक पार्ट लागतोय', मग 'परत मिळणारं' डिपॉझिट, मग फोन बंद. सगळ्यांना माहीत असतं. मलाही माहीत होतं, म्हणून तर जास्त संताप येतो.

बोट दादाची आणि माझी, लहानपणची. रिमोटवर चालणारी, 27 मेगाहर्ट्झची, लांब अँटेनावाली. घरातल्या पोरांना ती माळ्यावर सापडली आणि पाण्यात सोडायचा हट्ट सुरू झाला. आता कुणी म्हणेल, स्वतः का नाही केलंस? केलं होतं! सहा सेलचा निकेल-कॅडमियमचा बॅटरी पॅक आतल्या आत फुटून त्याचा पांढरा-हिरवट थर कनेक्टरवर चढला होता, तो मीच व्हिनेगरने साफ केला. पंखा फिरवणाऱ्या शाफ्टच्या नळीतलं ग्रीस सुकून पंखा जाम झाला होता, तोही मोकळा केला. मोटरला सरळ बॅटरी लावली तर ती व्यवस्थित फिरली. अडलं ते रिसीव्हरपाशी, म्हणजे रिमोटचे सिग्नल पकडणाऱ्या भागापाशी. तो पार मेलेला होता आणि तिथे माझं ज्ञान संपलं. ज्याला येतं त्याला काम द्यावं, यात मूर्खपणा काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

ज्याला काम दिलं तो माणूस गोड बोलणारा. "ताई, जुना रेडिओ सोडा, 2.4 गिगाहर्ट्झचा नवा सेट बसवू, पोरांना दोन बोटी एकत्र चालवता येतील." बोलणं बरोबरच होतं. जुन्या सेटमध्ये दोघांची फ्रिक्वेन्सी एकच निघाली की एकाच्या रिमोटने दुसऱ्याची बोट वळते, नव्या सेटमध्ये ती कटकट नाही. असं नेमकं बोलणारा माणूस चोर असेल असं कुणाच्या मनात येईल? तपासणी आणि ॲडव्हान्सचे 3,500 दिले. बोट, रिमोट, सगळं कुरिअरने पाठवलं. मग रेडिओ सेट आणि स्पीड कंट्रोलरचे 4,800. मग बॅटरी आणि चार्जरचे 2,250. शेवटी 'कुरिअर इन्शुरन्स, बोट पोचली की परत' म्हणून 1,999. बेरीज वर शीर्षकात आहे.

आता तो व्हिडिओ. तिसरा हप्ता मागण्याआधी त्याने पाठवला होता. टबमध्ये माझी बोट, पंखा फिरतोय, सुकाणू डावीकडे-उजवीकडे वळतंय. पोरं नाचायला लागली. आणि त्याच्या हातात रिमोट, त्याची स्टीलची अँटेना पूर्ण वर ओढलेली, हातभर लांब, व्हिडिओच्या चौकटीबाहेर गेलेली.

हातभर लांब! 4,800 रुपये कशाचे घेतले होते? 2.4 गिगाहर्ट्झच्या सेटचे. त्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, तिला बोटाएवढी अँटेना पुरते. 27 मेगाहर्ट्झची लहर अकरा मीटरची, म्हणून जुन्या रिमोटला ती ओढायची दांडी. म्हणजे नवीन काही बसवलंच नव्हतं. कुठल्यातरी जुन्या सेटमधला चालू रिसीव्हर टाकून माझाच रिमोट मला दाखवत होता. हे मला माहीत होतं! पोरांना समजावताना मीच दोनदा सांगितलं असेल. पण मोबाइलच्या एवढ्याशा स्क्रीनवर, कडेला पोरं ओरडतायत, आपली बोट इतक्या वर्षांनी हलतेय, तेव्हा अँटेना कोण बघतं? तो व्हिडिओ मी आजही काढून बघते आणि दर वेळी डोळे तिथेच जातात.

बॅटरीच्या पावतीवरही लिहिलं होतं '7.2 व्होल्ट लिथियम-पॉलिमर'. असली बॅटरी सहसा येत नाही. लिथियम-पॉलिमरचा एक सेल 3.7, दोन मिळून 7.4. 7.2 म्हणजे सहा निकेलचे सेल. पावतीवरचे आकडे नीट वाचा, फसवणाऱ्याला आकडे जमत नाहीत. आणि खरंच लिथियमची बॅटरी घेतलीत, तर जुन्या निकेलच्या चार्जरला ती लावू नका, आग लागू शकते. हे त्या भामट्याने सांगितलं नाही, मी सांगते.

1,999 गेल्यावर फोन बंद. मग एक दिवस तीच बोट विक्रीला दिसली. 'दुर्मिळ, चालू स्थितीत, 18,000'. स्क्रीनशॉट घेतला म्हणून बरं, मी त्याला मेसेज करताच जाहिरात गायब. तेव्हा आधी स्क्रीनशॉट, मग शिव्या.

आता तक्रारीचं ऐका. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमच्या संमतीने झाला, आम्ही काय करणार? हेल्पलाइनवाले म्हणतात, बँकेत जा. ऑनलाइन फॉर्ममध्ये फसवणुकीचा प्रकार निवडायचा, त्या यादीत माझा प्रकार नाहीच. 'इतर' निवडलं तर तक्रार 'अपुरी माहिती' म्हणून बंद. अपुरी कशी? चारही व्यवहारांचे क्रमांक, व्हिडिओ, कुरिअरची पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, सगळं जोडलं होतं. चौकीत साहेब म्हणाले, वस्तू तुम्ही स्वतःहून दिलीत, हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा. म्हटलं, साहेब, तो ती विकतोय! तर म्हणाले, बोट तुमची असल्याचा पुरावा? बिल आणा. लहानपणी वाढदिवसाला मिळालेल्या खेळण्याचं बिल! आई-बाबांनी फाइल करून ठेवायला हवं होतं, नाही का? मग बाजूच्या टेबलावरून प्रश्न आला, "बारा हजारांसाठी एवढं?" हो, एवढं. बारा हजार काय झाडाला लागतात? उद्या तो दुसऱ्या कुणाला बारा हजारांना गंडवील, परवा तिसऱ्याला, आणि प्रत्येकाला हेच विचाराल. लेखी नकार द्या म्हटलं, तर तोही नाही. शेवटी नुसता अर्ज घेतला. पोच मागून घेतली, तुम्हीही घ्या, मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

दुरुस्तीला देताना बोटीबरोबर जुना रिमोट पाठवायचा नाही. नवा सेट बसणार असेल तर त्याला तो हवा कशाला? व्हिडिओ मागाल तेव्हा काय करून दाखवायचं ते आपण सांगायचं: वरचं झाकण उघड, रिसीव्हर दाखव, मग सुकाणू दोनदा डावीकडे. पाठवण्याआधी आतून-बाहेरून फोटो काढा, मोटरच्या खाली कुठेतरी खूण करा. 'परत मिळणारे' पैसे परत मिळत नाहीत.

घरचे म्हणतात सोडून दे. मी नाही सोडणार. पांढरी बोट, निळा पट्टा, मागच्या कठड्याची उजवी दांडी तुटून तांब्याच्या तारेने बांधलेली, आणि बॅटरीच्या कप्प्याच्या झाकणाखाली दादाने कंपासच्या टोकाने कोरलेलं वेडंवाकडं 'हात लावू नये'. कुठे विक्रीला दिसली तर विक्रेत्याशी बोलू नका. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि लिंक मला पाठवा.