भिंतीपलीकडची गिरणी: पोलीस, प्रांत की दिवाणी कोर्ट?

गोडीत सांगून झालं, सोसायटीचं पत्र देऊन झालं, तरी गिरणी रात्री अकरापर्यंत घरघरतेच आहे. आता कुठलं दार ठोठवायचं?

डीजे किंवा मांडवातला लाउडस्पीकर असेल तर सरळ ११२ लावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. गिरणीचं मात्र रोजचंच. पोलीस वळले की पट्टा पुन्हा फिरतो. सार्वजनिक उपद्रवाचा गुन्हा शाबीत झाला तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ खाली दंड फार तर हजार रुपये. गिरणीवाला तो हसत भरेल.

प्रांताकडचा, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडचा, अर्ज जास्त दमदार. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं, वकिलांच्या तोंडी अजून असलेलं १३३. प्रांत धंदा बंद करायला किंवा हलवायला लावू शकतात, आणि रीतसर निघालेल्या आदेशाला दिवाणी कोर्टात आव्हान देता येत नाही. उघड्या गटारांनी कावलेल्या रतलामच्या रहिवाशांनी याच कलमाखाली नगरपालिकेला नमवलं; ‘पैसे नाहीत’ ही तिची सबब १९८० साली सर्वोच्च न्यायालयातही टिकली नाही. मेख एवढीच, की त्रास सार्वजनिक हवा. एकाच घराची तक्रार असेल तर ‘दिवाणीत जा’ हे उत्तर ठरलेलं. अर्जावर आळीतल्या आणखी काही घरांच्या सह्या मिळत असतील तरच इथे जा.

सह्या मिळत नसतील तर दिवाणी दावा. वकिलाची फी, तारखांवर तारखा, सगळं आलं. तरी एकट्या माणसासाठी मला हाच रस्ता खरा वाटतो. ‘बाजारपेठ आहे, आवाज होणारच’ हा बचाव हमखास येतो. पण अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या १९६० च्या निकालात बाजारातल्याच घराला खेटून असलेली विजेवरची पिठाची गिरणी उपद्रव ठरली. त्याच न्यायालयापुढे १९८२ साली एका डॉक्टरचा दावा होता: समोर विटा दळण्याचं यंत्र, आणि दवाखान्यात बसलेल्यांच्या कपड्यांवर तांबडा थर. डॉक्टर जिंकले. असला डोळ्यांना दिसणारा पुरावा कोर्टात बोलतो. नुसतं ‘झोप लागत नाही’ पुरत नाही, कारण त्रास सर्वसाधारण माणसाला झाला असता का, हे पाहिलं जातं. म्हणून तारीख-वेळेची वही, व्हिडिओ आणि हादऱ्याने भिंतीला तडा गेला असेल तर त्याचे फोटो आधी जमवा.

दाव्याबरोबरच तात्पुरत्या मनाईचा, म्हणजे निकाल लागेपर्यंत त्रास थांबवण्याचा, अर्ज द्या. खरी चुरस तिथेच असते. गिरणी नुकतीच सुरू झाली असेल तर थांबू नका. ‘दोन वर्षं गप्प का बसलात?’ हा प्रश्न त्या अर्जाला हमखास नडतो.