पऱ्हाटी उपटायचा चिमटा आणि पेटंटचं फुकटात झालेलं काम

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाची उलंगवाडी झाली, म्हणजे वेचणी संपली, की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उपटायचं काम निघतं. शेतात उभी ठेवली तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो, आणि हाताने उपटायची म्हणजे बायामाणसांच्या तळहातांची सालं निघतात. बाजारातले चिमटे मी वापरून पाहिले. वाळलेल्या काळ्या जमिनीत बुंधा निसटतो नाहीतर मोडतो, मूळ आतच राहतं. माझं वेल्डिंगचं दुकान आहे. मी जबड्याखाली एक टाच बसवली. दांडा दाबला की टाच जमिनीला टेकते आणि तोच जोर जबडा आवळतो.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातले शेतकरी दादाजी खोब्रागडे डोळ्यासमोर होते. त्यांनी शोधलेला एचएमटी जातीचा तांदूळ घरोघरी गेला आणि ते २०१८ साली हलाखीतच गेले. म्हणून पेटंटच्या मागे लागलो. आधी एका एजंटाकडे गेलो. त्यांनी चिमटा हातातही न घेता ‘होऊन जाईल’ म्हटलं आणि ४५ हजार सांगितले. आगाऊ दिलेले १५ हजार बुडाले. दोन पावसाळ्यांची बचत होती ती.

मग एका कृषी सहायकांनी गांधीनगरच्या नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनचं नाव सांगितलं. केंद्राच्या विज्ञान विभागाच्या आधाराने २००० साली सुरू झालेली ही संस्था, माझ्यासारख्या न शिकलेल्या कारागिरांसाठी आणि शेतकऱ्यांसाठी. मी मराठीतच पत्र लिहिलं, सोबत फोटो आणि वहीच्या पानावरचं चित्र. फोन आला तेव्हा पहिला प्रश्न होता, ‘हे आतापर्यंत कोणाकोणाला दाखवलंत?’ भाचा त्याच संध्याकाळी व्हिडिओ टाकणार होता! अर्जाआधी वस्तू जगजाहीर झाली तर तिचं नवेपण संपतं, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

नंतर संमतीपत्र आलं. माहिती दुसऱ्यांना द्यायची का, माझं नाव सांगायचं का, कोणत्या अटीवर, सगळं मलाच ठरवायचं होतं. सही करताना हात थरथरला, कारण माझ्या डोक्यातल्या वस्तूबद्दल मला असं विचारणारं आजवर कोणी भेटलं नव्हतं.

जुन्या पेटंटांचा शोध घेतल्यावर संस्थेने स्पष्ट सांगितलं की चिमटा नवा नाही. वाईट वाटलं. पण टाच आणि जबड्याची जोडणी नवी निघाली. जुन्या वस्तू नुसत्या शेजारी जोडल्या आणि प्रत्येक आपापलंच काम करत राहिली, तर कायदा पेटंट देत नाही. म्हणून टाचेमुळेच पकड वाढते हे दाखवावं लागलं. मी जबड्यावर खडूने रेघा मारल्या, दांडा थोडा थोडा दाबत गेलो आणि रेघा किती जवळ येतात त्याचे फोटो पाठवले. तेच पुढे अर्जात आलं.

एक गोष्ट खटकते ती कायद्याची. अर्जाचे कागद हिंदी किंवा इंग्रजीतच चालतात, मराठीत नाही. बारावीतल्या मुलीने इंग्रजी मसुदा वाचून दाखवला. ‘टाच’चं ‘हील प्लेट’ झालं होतं. हरकत नाही, चित्र तेच होतं.

पैशाचं म्हणाल तर एकट्या माणसाची ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आणि तपासणीची ४,०००. खरा खर्च लिहून देणाऱ्याचा असतो. ते सगळं संस्थेने केलं, मला टपालखर्चापलीकडे काही पडलं नाही, आणि अर्जावर नाव माझंच आहे. मंजुरी अजून बाकी आहे.

इंजिनिअर असाल, स्टार्टअप नोंदवलेली असेल, तर ही जागा तुमची नाही. स्टार्टअपसाठी २०१६ पासून केंद्राची वेगळी योजना आहे. त्यात वकिलाची फी सरकार भरतं, सरकारी शुल्क आपण भरायचं. आणि शेती करायच्या पद्धतीला पेटंट मिळतच नाही, औजाराला मिळू शकतं. तेव्हा पत्रासोबत औजाराचे चारही बाजूंनी फोटो पाठवा, आणि व्हिडिओ स्टेटसला टाकू नका.