ऑपरेशननंतर दरवर्षी सीटी काढावा, की मॅमोग्राफी पुरे?

माझ्या थोरल्या बहिणीचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली. केमो, रेडिएशन सगळं इथेच पुण्यात. तिच्या फाइली मी सांभाळते, म्हणून ओळखीतल्या बायका मलाच विचारतात, "परत आलं तर कळणार कसं? एकदा सगळ्या अंगाचा सीटी काढून टाकू का?"

स्तन राखून ऑपरेशन झालं असेल, तर त्या स्तनात किंवा दुसऱ्या बाजूला काही नवीन उगवतंय का हे पाहायला मॅमोग्राफीच, म्हणजे स्तनांचा एक्स-रेच हवा. कॅन्सरची पहिली खूण असू शकणारे कॅल्शियमचे अगदी बारीक कण तिच्यात दिसतात, सीटीत ते निसटतात. सीटीचं बळ फुप्फुस, यकृत आणि छातीतल्या गाठी पाहण्यात. रेडिएशनही सारखं नाही: मॅमोग्राफीला साधारण 0.4 मिलिसीव्हर्ट (रेडिएशन मोजायचं माप), छातीच्या सीटीला 7 च्या आसपास, पोटही घेतलं की त्याहून जास्त. पूर्ण स्तन काढला असेल तर मॅमोग्राफी दुसऱ्या बाजूची, आणि ऑपरेशनची जागा डॉक्टरांच्या हाताखालून गेलीच पाहिजे.

लवकर सापडलं तर बरंच ना, असं आम्हालाही वाटायचं. 1994 साली इटलीतल्या दोन मोठ्या अभ्यासांचे निकाल आले. काही बायकांचे तक्रार नसतानाही ठरावीक काळाने छातीचे एक्स-रे आणि हाडांचे स्कॅन केले, बाकीच्यांची डॉक्टरी तपासणी आणि मॅमोग्राफी. जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. तेव्हा त्यात सीटी नव्हता हे खरं, पण तक्रार नसताना नेमाने सीटी किंवा पेट-सीटी (साखरेसारखं किरणोत्सारी औषध टोचून काढायचा सीटी) करू नये, हाच सल्ला आजही दिला जातो.

आम्ही तो ऐकला नाही. दुसऱ्या वर्षी एका तपासणी केंद्राच्या सवलतीच्या पॅकेजमध्ये ताईचा सीटी काढला. उजव्या फुप्फुसात 5 मिलिमीटरचा डाग, 'तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे'. त्या तीन महिन्यांत ताई रात्री दीड वाजता स्वयंपाकघरातला दिवा लावून धुतलेलीच भांडी पुन्हा पुसत बसायची. दुसऱ्या सीटीत डाग तेवढाच. कॉलेजात असताना तिला टीबी झाला होता, त्याची ती खूण. आपल्याकडे असे जुने डाग कितीतरी जणांच्या छातीत असतात, आणि असा प्रत्येक डाग कॅन्सर होऊन गेलेल्या बाईची झोप उडवतो.

तक्रार असेल तर मात्र हे सगळं उलटं होतं. तीन आठवडे न हटणारा खोकला, महिन्यापूर्वी पर्वती चढणारीला आता पहिल्याच टप्प्यावर लागणारा दम, विनाकारण उतरलेलं वजन, पिवळे डोळे: तिथे पुढच्या फॉलो-अपची वाट पाहू नका, डॉक्टर सांगतील तो सीटी त्याच आठवड्यात करा. कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून टोचायचं औषध) देणार असतील तर आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी बघतात. जुनी अॅलर्जी आणि डायबेटिसच्या गोळ्या आपणहून सांगा. इंजेक्शन जाताना अंगभर गरम लाट जाते, घाबरू नका. रात्री जागं करणाऱ्या हाडदुखीला बोन स्कॅन किंवा एमआरआय. पाठदुखीबरोबर पायांतली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर तासही न दवडता हॉस्पिटल गाठा.

पेट-सीटी महाग. सीटीत शंका राहिली किंवा आजार कुठवर पसरलाय हे ठरवायचं असलं, की तो खरा उपयोगी. पण रक्तातली साखर चढलेली असेल तर चित्र बिघडतं, टीबीसुद्धा त्यात उजळतो, आणि लोब्युलर प्रकारचा (दुधाच्या ग्रंथींत सुरू होणारा) कॅन्सर कधीकधी फिकाच राहतो. कुठलंही चित्र असो, शक्य असेल तिथे बायोप्सी करून घ्या. परत आलेल्या गाठीचे हार्मोनचे आणि हर-2 या कॅन्सरच्या पेशींवरच्या प्रथिनाचे रिपोर्ट पहिल्यापेक्षा वेगळे निघू शकतात, आणि औषध त्यावरच ठरतं.

ताई आता सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे जाते आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी करते. टीबीच्या वेळचा तिचा एक्स-रे नंतर गावच्या घरी माळ्यावर सापडला. उजव्या बाजूला तोच डाग. तो आधी हाती असता तर कदाचित ते तीन महिने वाचले असते. आता तो इतर फिल्म आणि सीडींबरोबर कापडी पिशवीत असतो, आणि ती पिशवी घेतल्याशिवाय आम्ही तपासणीला निघत नाही.