बटाट्याला जिवाणू कल्चर आणि नॅनो युरिया, दोन्ही वापरून बघितलं

पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावर आमचा खरिपाचा बटाटा असतो. गेल्या खरिपात बेण्याला ॲझोटोबॅक्टर आणि पीएसबी (स्फुरद म्हणजे फॉस्फरस मोकळं करणारे जिवाणू) यांचं कल्चर, म्हणजे जिवंत जिवाणूंचं खत लावलं, नंतर नॅनो युरिया, म्हणजे अगदी बारीक कणांचा बाटलीतला पातळ युरियाही फवारला, बरेच जण दोन्हीचं विचारतात म्हणून एकदाच लिहितो.

बेणं कुफरी पुखराज. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेची १९९८ ची जात, लवकर निघते आणि आतून पिवळसर, मला तर कुफरी ज्योती या दुसऱ्या जातीपेक्षा हीच बरी वाटते.

कल्चर आधी एका दुकानातून घेतलेलं, घरी येऊन बघतो तर मुदत संपून चार महिने झालेले आणि बाटल्या ठेवलेल्या पत्र्याखाली उन्हात, मग आत जिवंत काय राहणार, फार संताप आला. दुसरं ताजं कृषी विद्यापीठाचं आणलं. बेण्याच्या फोडी करून आधी बुरशीनाशकात बुडवल्या, सावलीत पार सुकू दिल्या आणि लागणीच्या आधी कल्चरच्या पाण्यात पंधरा मिनिटं. हा क्रम चुकवू नका, बुरशीनाशक आणि जिवाणू एकाच टिपाडात टाकले तर पैसे पाण्यात. चार सऱ्या मुद्दाम बिनकल्चरच्या ठेवल्या होत्या.

पहिल्या भरणीच्या (झाडाला माती लावायच्या) वेळी दोन्हीकडचं एकेक झाड उपटलं. कल्चरच्या झाडाला पांढऱ्या मुळ्यांचा नुसता जुडगा, झटकलं तरी माती सुटेना, आणि त्या चार सऱ्यांतल्या झाडाच्या मुळ्या मोजता येतील एवढ्याच. पीएसबीचे जिवाणू सेंद्रिय आम्ल सोडतात, त्यानं मातीत अडकून पडलेलं स्फुरद मोकळं होतं, ॲझोटोबॅक्टर हवेतलं नत्र धरतो, हे वाचलं होतं पण मूळ हातात घेतल्यावर खरं पटलं. काढणीला कट्टे काही दुप्पट झाले नाहीत, तसं कुणी सांगत असेल तर ऐकू नका, पण गोळी माल, म्हणजे बारीक बटाटा, कमी निघाला.

नॅनो युरियाचं मात्र नीट समजून घ्या. विकणारा म्हणाला एक बाटली म्हणजे साध्या युरियाची एक गोणी, म्हणून एका तुकड्यात गोणी टाकलीच नाही आणि तिथला पाला पिवळा पडत गेला, शेवटी युरिया टाकावाच लागला. नंतर हिशोब केला, माझ्या बाटलीवर ४ टक्के नत्र लिहिलेलं, म्हणजे अर्ध्या लिटरात साधारण २० ग्रॅम, आणि ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांनी २० किलोच्या वर. कण कितीही बारीक असले आणि पानातून आत गेले तरी एवढी तफावत कशी भरून निघणार? बाकीच्या रानात गोणी देऊन वरून एक फवारा मारला तिथं पाला हिरवागार राहिला, पण तो बाटलीमुळं का गोणीमुळं ते मला सांगता येणार नाही. गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, बाटली सव्वादोनशेला, त्यामुळं मी परत बाटली घेणार नाही.

कल्चर यंदाही आणलंय, बाटल्या माठाशेजारी गारव्याला ठेवल्यात, पाऊस पडला की फोडी करायला घेतो.