ग्रंथालयाची नवी वेबसाइट: फोटो गेले, शोधपट्टी आली

मी तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात इतिहास शिकवते आणि शिकवता शिकवता पीएच.डी. रखडवते. विषय आहे सत्यशोधकी नियतकालिकांमधला शेतकरी. विद्यापीठ एसटीनं अडीच तासांवर, त्यामुळे तिथल्या ग्रंथालयाची वेबसाइट धड चालली तर माझा एक शनिवार वाचतो. दिवाळीनंतर ती नव्यानं आली. चार महिने वापरली आणि मगच लिहायला बसले. पाचपैकी चार तारे. विद्यापीठाचं नाव घेत नाही, कारण जुन्या साइटबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून निम्म्या विद्यापीठांना आपलीच गोष्ट वाटेल.

जुनी साइट उघडली की आधी चार मान्यवरांचे फोटो. त्याखाली सरकती पट्टी, तिच्यात लाल लुकलुकणारं 'न्यू' आणि तीन वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या कार्यशाळेचं आमंत्रण. त्याच्याही खाली ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा फोटो आणि त्यांच्या १९३१च्या पाच सूत्रांपैकी चौथं: वाचकाचा वेळ वाचवा! पुस्तक शोधायचं तर 'ई-रिसोर्सेस'मधून 'वेब ओपॅक'वर, म्हणजे ग्रंथालयाच्या ऑनलाइन पुस्तकसूचीवर, जायचं. माझ्या एका विद्यार्थ्याला ओपॅक हे कंपनीचं नाव वाटत होतं. वाचनकक्ष किती वाजता बंद होतो, हे एका स्कॅन केलेल्या परिपत्रकात होतं. तेही तिरकं.

जूनमध्ये ग्रंथपाल मॅडमनी आम्हा सहा जणांना बोलावलं. मला वाटलं, चहा होईल, 'सूचना द्या' म्हणतील. त्यांनी प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी दिली. 'गेल्या वर्षीची एम.ए.ची प्रश्नपत्रिका काढून दाखवा.' 'हे इंग्रजी जर्नल घरून वाचायचं आहे, उघडा.' आणि स्वतः वही घेऊन मागे बसल्या, गप्प. रसायनशास्त्राच्या मुलानं साइटकडे ढुंकूनही न बघता थेट गुगल उघडलं. मॅडमनी तेही लिहून घेतलं. मी जर्नलपाशी अकरा मिनिटं अडकले. "माझंच काहीतरी चुकतंय," म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "नाही हो, साइटचं चुकतंय. तुम्ही चालू ठेवा." मग टेबलावर कागदाचे तुकडे पसरले: थकबाकी, नो ड्यूज, शोधप्रबंध, ई-रिसोर्सेस. कशाजवळ काय ठेवाल, ते आमच्याकडूनच लावून घेतलं. 'ई-रिसोर्सेस' प्रत्येकानं वेगळ्याच ढिगात टाकलं.

नव्या साइटवर त्या दुपारच्या खुणा दिसतात. वर एकच शोधपट्टी. तिच्याखाली 'आज रात्री ८ पर्यंत उघडे'. मग चार ओळी: पुस्तक शोधा, घरून वाचा, प्रश्नपत्रिका, नो ड्यूज. मान्यवर 'आमच्याविषयी'मध्ये गेले. शोधप्रबंधांवर टिचकी मारली की थेट शोधगंगा, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार, उघडतं. सर्वांत मोठा फरक 'घरून वाचा'चा. जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेखाली ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नलं सरकारी संस्थांना खुली झाली खरी, पण आमच्याकडे त्यासाठी अर्ज छापा, विभागप्रमुखांची सही घ्या, स्कॅन करून पाठवा, असा प्रकार होता. आता एक लॉगिन. परवा एसटीत, खिडकीच्या खडखडाटात, मी फोनवर एक अख्खा लेख वाचला.

आता पाचवा तारा का राखून ठेवला ते सांगते. मराठीत शोधून बघा. 'दीनबंधु' हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात काढलं, पुढे कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईहून चालवलं. 'दीनबंधू' टाकलं तर दोन नोंदी. धु ऱ्हस्व केला की सात. आणि मला हवा असलेला संदर्भग्रंथ रोमन लिपीत 'डी'पासून लिहिल्यावर सापडला! जुन्या नोंदी मुखपृष्ठावरच्या ऱ्हस्व उकारानं, १९६२च्या लेखननियमांनंतरच्या दीर्घ उकारानं, आणि संगणक आले तेव्हा कुणीतरी रोमनमध्ये भरलेल्या. चेहरा नवा असला तरी आत तेच जुनं कोहा, म्हणजे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर, आणि त्याच जुन्या नोंदी.

'शेतकऱ्यांचा' या शब्दाची तर कमालच. यातला ऱ्या संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात ऱ हे नुक्त्याचं वेगळं अक्षर, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारं एक चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधणाऱ्या यंत्राला ते दोन वेगळे शब्द. माझ्या फोनवरून ३१ नोंदी आल्या, कॉलेजच्या संगणकावरून ९. आठवडाभर मी कॉलेजच्या नेटला शिव्या घातल्या.

गंमत म्हणजे जूनमधल्या एकाही चिठ्ठीवर मराठी पुस्तक नव्हतं. आणि दिवसभर मराठीतच शोधणारी मी तिथे बसले होते; मलाही ते सुचलं नाही.

साइटच्या तळाशी 'काही अडलं?' असा रकाना आहे. तिथे सगळं लिहिलं. दोन दिवसांत मॅडमचं उत्तर आलं: असे वीस शब्द पाठवाल का? मी चौतीस पाठवले. या मंगळवारी 'दीनबंधू' टाकलं, तर दोन्ही उकारांच्या नोंदी एकाखाली एक आल्या. ऱ्या अजून तसाच आहे.