पीटर कॅफे स्पोर्ट, होर्ता: जिन-टॉनिकपेक्षा शेजारचं टेबल बघा

इथली जिन-टॉनिक प्रसिद्ध आहे आणि चांगलीही आहे, पण नुसत्या तेवढ्यासाठी कुणी अटलांटिकच्या मधोमध जाऊ नये. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांपैकी फायाल बेटावर, होर्ता बंदरासमोरच्या या कॅफेत बसायचं ते शेजारच्या टेबलावर कोण आहे त्यासाठी.

कॅरिबियनहून युरोपला परतणाऱ्या शिडाच्या बोटी मे-जूनमध्ये इथे टेकतात. बर्म्युडापासून धरलं तरी अठराशे सागरी मैल, आणि त्यांत अगदी एकटे येणारेही असतात. आम्ही लिस्बनहून आरामात विमानाने गेलो होतो, ही गोष्ट तिथे शक्यतो कुणाला सांगू नये.

आमच्या बाजूला साठीचा एक गृहस्थ बसला होता. त्याच दुपारी पोचलेला. ओठ खारवून फुटलेले, समोरचं सूप गार झालेलं आणि बोलणं काही थांबत नव्हतं. त्याचं वाऱ्यावर चालणारं सुकाणू वाटेत निखळलं होतं. तो कागदी रुमालावर चित्र काढून दाखवत होता. पलीकडच्या बाईंनी ते ओढून घेतलं, बघितलं आणि म्हणाल्या, "हा बोल्ट माझ्याकडे आहे, सकाळी या." नाव कुणीच कुणाला विचारलं नाही. बोटीचं विचारलं, तेवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर गेलो. हंगामात जागा पुरत नाही म्हणून बोटी एकीला एक बांधून ठेवतात. किनाऱ्यावर यायचं तर शेजाऱ्याच्या डेकवरून, तेही शिष्टाचार पाळून डोलकाठीच्या पुढूनच. एकटा माणूस बोट लावायला आला की आजूबाजूचे हातातलं काम टाकून दोर झेलायला धावतात. मी मालवणची. किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढताना येईल तो दोराला हात लावतो, तसंच हे. धक्क्याच्या भिंती बोटींच्या चित्रांनी भरल्या आहेत. चित्र न काढता निघालं तर पुढचा प्रवास धड होत नाही, अशी समजूत आहे.

कॅफे 1918 पासून आझेवेदु कुटुंबाचा. मोबाइल नव्हते तेव्हा खलाशांची पत्रं इथे यायची आणि मालक ती जपून ठेवायचे. छताला, भिंतींना बोटींचे झेंडे. वरच्या मजल्यावर व्हेलच्या दातांवरच्या कोरीवकामाचं संग्रहालय आहे, तिकीट वेगळं. व्हेलची शिकार आठवून पोटात कालवतं, पण एकेका दातावरचं काम बघत राहावं असं आहे.

समोरच्या पिको बेटाचं चीज जरूर मागवा, आलुबुखार मात्र सोबत नको. एकट्याने जगप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस, जोशुआ स्लोकम, 1895 मध्ये वाटेत इथे थांबून पुढे निघाला आणि हे दोन्ही भरपूर खाऊन बोटीत कळवळत पडला. शुद्धीवर आला तेव्हा म्हणे कोलंबसच्या जहाजावरचा वाटाड्या त्याचं सुकाणू धरून उभा होता.